तैवान: संदिग्धता कशाबद्दल असावी?

चिनी युद्धनौकांनी तैवानला वेढा घालण्याची कवायत केली की आपल्याकडच्या चर्चांमध्ये तोच प्रश्न पुन्हा येतो: वेळ आलीच तर अमेरिका तैवानसाठी लढेल का? एक बाजू म्हणते, अमेरिकेने आता आडवळणे सोडावीत आणि हल्ला झाला तर आम्ही लढू असे जाहीर करून टाकावे, मूग गिळून बसणे हा भेकडपणा आहे. दुसरी बाजू म्हणते, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे दहा हजार किलोमीटरवरच्या बेटासाठी कोणतीही महासत्ता अणुयुद्ध ओढवून घेणार नाही, तेव्हा तैवानने वेळीच बीजिंगशी जुळवून घ्यावे. दोन्ही बाजू आवेशाने बोलतात. पण अमेरिकेच्या एका होकाराने किंवा नकाराने हे प्रकरण निकालात निघेल, हे दोघांनीही न तपासता धरून चाललेले असते. मला ते मान्य नाही. आपण काय करू याबद्दल अमेरिकेने गेली चाळीसहून अधिक वर्षे जाणूनबुजून बाळगलेली संदिग्धता शहाणपणाची होती आणि आजही आहे. मात्र तैवानच्या २ कोटी ३० लाख लोकांच्या संमतीवाचून त्यांचे भवितव्य ठरता कामा नये, या एका बाबतीत तिने कधीही संदिग्ध राहू नये. आज वॉशिंग्टनमध्ये नेमके याच्या उलट घडताना दिसते, आणि आपल्या चर्चेत त्याचा उल्लेखही नसतो.

ही संदिग्धता मुळात आली कुठून? चीनच्या चिंग साम्राज्याने १८९५ साली शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानला देऊन टाकले. १९४५ मध्ये जपान हरल्यावर चीनमधल्या च्यांग काय-शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाच्या सरकारने बेटाचा ताबा घेतला. चार वर्षांनी तेच सरकार माओंकडून हरून तिथे पळून आले. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपानने तैवानवरचा हक्क सोडला, पण कोणासाठी सोडला हे लिहिलेच गेले नाही. बीजिंगच्या चिनी जनता प्रजासत्ताकाने या बेटावर आजवर एक दिवसही राज्य केलेले नाही. १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला गेले. सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी लोक चीन एकच असल्याचे मानतात, याची अमेरिकेने शांघायच्या निवेदनात नोंद घेतली आणि त्याला हरकत घेतली नाही. तैवान चीनचा भाग आहे, असे मात्र ती स्वतः म्हणाली नाही. १ जानेवारी १९७९ रोजी तिने बीजिंगला मान्यता दिली आणि तैपेईशी असलेला संरक्षण करार वर्षभराच्या मुदतीने संपवला. त्या एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसने तैवान संबंध कायदा केला. बचावासाठी शस्त्रे देऊ, बळजबरी झाली तर ती गंभीर चिंतेची बाब मानू आणि तिचा मुकाबला करण्याची आपली ताकद टिकवून ठेवू, असे त्यात आहे. युद्धात उतरूच, असे त्यात नाही.

याला दुटप्पीपणा म्हणणाऱ्यांनी दोन प्रसंग आठवावेत. मार्च १९९६ मध्ये तैवानी जनता इतिहासात पहिल्यांदा आपला अध्यक्ष थेट निवडणार होती. चीनने कीलुंग आणि काऊशुंग या बंदरांजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे टाकली. क्लिंटन यांनी आम्ही लढू असे शब्द न उच्चारता दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या बाजूला धाडले. मतदान झाले, आणि चीनला नको असलेले ली तेंग-हुई निवडून आले. दुसरा प्रसंग डिसेंबर २००३ चा. अध्यक्ष चेन श्वे-बियान सार्वमताच्या वाटेने स्वातंत्र्याकडे सरकत आहेत अशी शंका होती. बुश यांनी चीनचे पंतप्रधान वेन च्यापाओ यांना शेजारी बसवून चेन यांनाच जाहीर ताकीद दिली: जैसे थे स्थिती एकतर्फी बदलू नका. एकदा लगाम बीजिंगला, एकदा तैपेईला. अमेरिका काय करील याची पुरती खात्री दोघांपैकी कोणालाच नव्हती, म्हणून दोघांनीही हात आखडता घेतला. हल्ला झाला तर बिनशर्त लढू, असा शब्द तैपेईला आधीच मिळालेला असता, तर चेन यांना थांबवायला बुश यांच्याकडे काय उरले असते?

आता स्पष्टतेची मागणी करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो भक्कम आहेच. संदिग्धता जमली तेव्हा अमेरिकेचे आरमार चीनच्या कितीतरी पुढे होते. आज जहाजांच्या संख्येत चीनचे नौदल जगात सर्वांत मोठे आहे, आणि तैवानचा किनारा त्याच्या दारापासून जेमतेम दीडशे-दोनशे किलोमीटरवर आहे. बलवानाचे मौन ऐकणाऱ्याला धाक घालते, बरोबरीच्याचे मौन त्याला मोह घालू शकते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा १९१४ चा जुलै हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ब्रिटन बेल्जियमसाठी लढणार की नाही हे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी शेवटपर्यंत नीट सांगितले नाही, आणि बर्लिनने स्वतःला सोयीचा अर्थ काढला, असे अनेक इतिहासकार मानतात. हे उदाहरण मी झटकून टाकणार नाही.

पण इतिहासातून एकच उदाहरण उचलून भागत नाही. जानेवारी १९५० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी पॅसिफिकमधली आपली संरक्षणरेषा कुठून कुठे जाते हे जाहीर भाषणात सांगितले. कोरिया आणि तैवान त्या रेषेबाहेर राहिले. जूनमध्ये उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत घुसले आणि दोनच दिवसांत ट्रूमन यांनी सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत पाठवले. म्हणजे अमेरिका स्पष्ट बोलली होती, आणि बोलली त्याच्या नेमके उलट वागली. संदिग्धतेचे तोटे सांगताना हा प्रसंग हटकून पुढे केला जातो, पण त्यातून दिसतात ते घाईने आखलेल्या स्पष्ट रेषेचे तोटे. आणि मार्च १९३९? ब्रिटनने पोलंडला दिलेल्या हमीत संदिग्ध असे काहीच नव्हते. तरीही सप्टेंबरात हिटलरने पोलंडवर चाल केलीच. हमीच्या सहा महिने आधी म्युनिचमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडू देणारे लोक आता लढतील, यावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि पोलंडपर्यंत पोचायला ब्रिटनकडे वाटही नव्हती. हमीमागे ताकद आणि सातत्य नसेल, तर तिच्या स्पष्ट शब्दांनी आक्रमक थांबत नाही.

स्पष्टतेचा एक प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे. २०२१ ते २०२२ या काळात बायडन यांनी चार वेळा म्हटले की तैवानवर हल्ला झाल्यास अमेरिका त्याचे रक्षण करील. चारही वेळा त्यांच्याच प्रशासनाने धोरण बदललेले नाही, असा खुलासा केला. त्यातून बीजिंगला संतापायला कारण मिळाले, तैवानला एकही जास्तीचे क्षेपणास्त्र मिळाले नाही, आणि अमेरिकेच्या शब्दाची किंमत मात्र उतरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान सानाए ताकाइची यांनी संसदेत एका जर-तरच्या प्रश्नाला उत्तर देताना म्हटले की तैवानवरील संकट जपानच्या अस्तित्वाला धोका ठरू शकते. चीनने आपल्या पर्यटकांना जपानला जाऊ नका असे सांगितले आणि जपानी मासळीची आयात रोखली. ताकाइची चुकीचे बोलल्या, असे मी म्हणत नाही; जपानचे योनागुनी बेट तैवानपासून अवघ्या ११० किलोमीटरवर आहे, त्यांची काळजी खरीच आहे. पण अशा वाक्याची किंमत लगेच मोजावी लागते आणि संरक्षणात त्याने काहीच भर पडत नाही, हेही तितकेच खरे.

शिवाय लढेल की नाही या प्रश्नात ज्या युद्धाची कल्पना केलेली असते, ते कदाचित कधी होणारच नाही. आपण डोळ्यांसमोर आणतो ती किनाऱ्यावर उतरणारी फौज. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात जे घडते आहे ते निराळे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांना मुख्य बेटाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या दोन्ही केबल चिनी जहाजांमुळे तुटल्या, आणि तिथल्या लोकांनी सुमारे पन्नास दिवस धड इंटरनेटशिवाय काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तैवानच्याच किनमेन बेटाजवळ तैवानी तटरक्षक दलाने पाठलाग केलेली चिनी बोट उलटून दोन जण बुडाले. त्यानंतर चिनी तटरक्षक दलाने त्या पाण्यात नित्याची गस्तच सुरू केली. तैवान आपल्या गरजेची जवळजवळ सगळी ऊर्जा बाहेरून आणते. त्याचा नैसर्गिक वायूचा साठा साधारण अकरा दिवस पुरतो, आणि मे २०२५ मध्ये तिथली शेवटची अणुभट्टीही बंद झाली. उद्या चिनी तटरक्षक दलाने काऊशुंगला जाणारी वायूची जहाजे केवळ कागदपत्रांच्या तपासणीसाठी म्हणून अडवायला सुरुवात केली, तर त्याला हल्ला म्हणायचे का? एक गोळी सुटलेली नाही, एक सैनिक उतरलेला नाही. हल्ला झाला तर लढू, ही प्रतिज्ञा अशा वेळी कुठल्या दिवशी लागू होते? रेषा जितकी ठळक, तितके तिच्या अलीकडे राहून काय काय करता येईल याचे गणित विरोधकाला सोपे. चीनला हे नेमके कळते. त्याने २००५ साली केलेल्या फुटीरताविरोधी कायद्यात शांततेच्या शक्यता पूर्णपणे संपल्या तर बळ वापरू असे म्हटले आहे, पण त्या संपल्या हे कधी आणि कशावरून ठरवायचे, ते मोघमच ठेवले आहे. बीजिंग आपली संदिग्धता सोडायला तयार नसताना वॉशिंग्टननेच ती का सोडावी?

आता दुसऱ्या बाजूकडे. तैवान चीनचेच आहे, तेव्हा उगाच मध्ये पडू नका, असे म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या युक्तिवादाची एक आवृत्ती मराठी वाचकाला विशेष पटते: भारताने १९६१ मध्ये फौज पाठवून गोवा घेतला, तेव्हा अमेरिकेने सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध मत दिले आणि सोव्हिएत नकाराधिकाराने आपल्याला वाचवले, मग चीनने तेच केले तर आपण कुठल्या तोंडाने बोलणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. गोव्यावर लिस्बनहून राज्य चालत होते, आणि तेही सालाझार यांच्या हुकूमशाहीचे. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनेत बदल करून गोव्याला सागरपार प्रांत म्हटले, पण गोवेकराला सभा घेण्याचा अधिकारही नव्हता. त्यासाठीच १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी कायदेभंग केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या गेल्या. ज्या माणसांचे मत कोणी विचारतच नव्हते, ती माणसे तिथे होती. तैवानात १९९६ पासून दर चार वर्षांनी अध्यक्ष निवडला जातो, सत्ता तीनदा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली आहे, आणि तिथल्या माणसाला बीजिंगवरही टीका करता येते, स्वतःच्या सरकारवरही.

गोव्याची गोष्ट तिथेच संपत नाही, आणि मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुक्तीनंतर गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा अशी महाराष्ट्राची तीव्र इच्छा होती. भाषेचे, देवदेवतांचे, नात्यागोत्याचे सारे दाखले आपल्या बाजूने होते, आणि गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांचा सत्ताधारी पक्षच विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता. तरीही १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना विचारले गेले. सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने ते नको म्हणाले. महाराष्ट्राला वाईट वाटले, आणि महाराष्ट्राने ते मान्य केले. बांधवांचे रक्त एक आहे, संस्कृती एक आहे, म्हणून राज्यही एकच असले पाहिजे, हा बीजिंगचा दावा ऐकताना हा कौल आठवावा. चीन आणि तैवान यांच्यात भाषा, अन्न, पितरांची पूजा यांचे खरे नाते आहे. ते नाकारण्याची गरज नाही. पण त्या नात्यावरून राज्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. तो माणसांना विचारून सोडवावा लागतो. बीजिंगने विचारण्याची तयारी कधीच दाखवलेली नाही. एक देश, दोन व्यवस्था ही कल्पना मुळात तैवानला डोळ्यांसमोर ठेवून मांडली गेली होती. ती आधी हाँगकाँगमध्ये राबवली, आणि २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर तिचे काय झाले हे तैवानी मतदाराने जवळून पाहिले आहे.

जुळवून घ्या म्हणणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा मात्र मला मान्य करावाच लागतो: अमेरिका या कहाणीतली नायिका नाही. २८ फेब्रुवारी १९४७ नंतर कुओमिंतांगच्या फौजेने तैवानात हजारो लोक मारले. १९४९ पासून १९८७ पर्यंत तिथे लष्करी कायदा होता, आणि त्यातली बहुतेक वर्षे अमेरिका त्या राजवटीची पाठराखी होती. डिसेंबर १९७८ मध्ये मान्यता काढून घेताना अमेरिकेच्या राजदूताने अध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांना भर रात्री उठवून, जाहीर घोषणेच्या काही तास आधी ही बातमी दिली. तैवानची लोकशाही तैवानी लोकांनी तुरुंगात जाऊन, निषेध करून स्वतः मिळवली आहे. हे सगळे खरे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? अमेरिकेचे हात स्वच्छ नाहीत, म्हणून तिने हात काढून घ्यावा, असा? तैवानने १९७० आणि १९८० च्या दशकांत गुपचूप अण्वस्त्रांची तयारी चालवली होती, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या दबावाने ती बंद झाली. युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्टला मिळालेल्या सुरक्षेच्या आश्वासनावर आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे देऊन टाकली. २०१४ आणि २०२२ मध्ये त्याचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. शस्त्र खाली ठेवायला लावणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही? तैवान टाकून दिले, तर तोक्यो आणि सोलमध्ये पहिला विचार कशाचा होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणूनच मला आजच्या अमेरिकी धोरणाची चिंता वाटते, पण ती कारणे आपल्या चर्चेत येत नाहीत. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले की तैवानने संरक्षणाचे पैसे आम्हाला द्यावेत, आम्ही विमा कंपनीपेक्षा वेगळे नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी तैवानी मालावर ३२ टक्के आयातशुल्क जाहीर केले. पुढे ते कमी झाले तो भाग निराळा. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ६६ एफ-१६ विमानांपैकी पहिले तैवानच्या हाती औपचारिकपणे आले ते २०२५ मध्ये, आणि मंजूर पण न पोचलेल्या शस्त्रांचा आकडा त्या वर्षी २० अब्ज डॉलरच्या आसपास होता. मित्राने आपला वाटा उचलावा ही अपेक्षा गैर नाही. तैवाननेही २०२४ पासून सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून एक वर्षावर नेली, आणि संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या वर नेण्याचे ठरवले. पण लोकांच्या स्वातंत्र्याचा विषय हप्ता, शुल्क आणि चिपच्या कारखान्यांच्या हिशेबात एकदा मिसळला, की बीजिंगला एक नवाच प्रश्न विचारता येतो: किती दिले तर तुम्ही बाजूला व्हाल? लढेल की नाही हे न सांगणे ही संदिग्धता झाली. विकेल की नाही याबद्दल शंका निर्माण करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पहिलीला पोखरून टाकते. अमेरिकेने १९८२ मध्ये तैवानला सहा आश्वासने दिली होती. तैवानवर बीजिंगशी वाटाघाटींसाठी दबाव आणणार नाही आणि शस्त्रविक्रीबाबत बीजिंगचा सल्ला घेणार नाही, ही त्यांतली दोन. फेब्रुवारी २००० मध्ये क्लिंटन यांनी तोडगा शांततेने आणि तैवानच्या लोकांच्या संमतीनेच निघाला पाहिजे, असे जाहीरपणे म्हटले. आवाज चढवायचा तर या वाक्यावर चढवावा, आणि प्रत्येक अध्यक्षाने तो त्याच स्वरात चढवावा.

संमतीचा आग्रह म्हणजे स्वातंत्र्याला छुपे प्रोत्साहन, असा आक्षेप यावर येईल. तैवानमधल्या जनमत चाचण्या वर्षानुवर्षे वेगळे सांगतात: मोठ्या बहुमताला ना ताबडतोब विलीनीकरण हवे, ना ताबडतोब स्वातंत्र्याची घोषणा, त्यांना जैसे थे हवे. संमतीचे तत्त्व विलीनीकरणाचाही रस्ता बंद करत नाही. उद्या चीनमध्ये असे काही बदलले की तैवानी लोकांना एकत्र यावेसे वाटले, तर अमेरिकेला त्यात आडकाठी घालण्याचा अधिकार नसेल, आणि हेही तिने तितक्याच स्पष्टपणे बोलावे. तैवानला चीनविरुद्धची न बुडणारी युद्धनौका समजणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या मंडळींना हे आवडणार नाही. त्यांनाही तैवानी माणूस दिसत नाही, बेटाची जागा तेवढी दिसते.

आणि भारत? १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाला आपण पाठिंबा दिला. चीनची जागा बीजिंगची, एवढे तो ठराव सांगतो. तैवानचे नावही त्यात नाही. २०१० पासून आपण संयुक्त निवेदनांत एकच चीनचा पुनरुच्चार करणे सोडले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैपेईचे तिसरे कार्यालय मुंबईत उघडू दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये सामुद्रधुनीतली स्थिती एकतर्फी बदलू नये, असे परराष्ट्र मंत्रालय म्हणाले. म्हणजे आपणही आपल्या मापाची संदिग्धता बाळगतो, आणि ती ठीक आहे. चीनला धडा शिकवायला तैवानला मान्यता द्या, ही समाजमाध्यमांवरची मागणी तैवानी लोकांच्या उपयोगाची नाही, कारण तीतही ते चीनला टोचायचे साधनच ठरतात. पण तोडगा तिथल्या लोकांच्या संमतीने निघावा, हे एक वाक्य भारताला आपल्या निवेदनात घालता येईल. त्याने सीमेवर त्रास वाढेल, अशी भीती दाखवली जाते. ती निराधार नाही. तरी जून २०२० पर्यंत आपण तैवानबाबत जवळपास गप्पच होतो, आणि त्या मौनाने गलवान टळले नव्हते.